आत्याबाईंचं चुंबक

३ नोव्हेंबर

पोरी,

मायन्यापाशीच गाडं अडलं. आधी 'चि. सौ.' लिहिलं, मग 'सौ.' खोडलं. उरलेलं 'चि.' एकटं बरं दिसेना, म्हणून कागदच फाडला. घटस्फोट झालेल्या सुनेला सासूने काय म्हणायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. तेव्हा पोरी. आवडलं नसेल तर तसं कळव. तेवढ्यासाठी तरी दोन ओळी लिहिशील.

फोनवर मी तोंड सोडते आणि तू तोंड मिटून बसतेस, म्हणून पत्र. कागदावर ओरडता येत नाही. बघू या.

तू शहर सोडून गेलीस हे मला शेजारणीने सांगितलं. शेजारणीने! माझ्या मुलाला सोडलंस, ते तुमचं तुम्ही बघा. त्यात मी कधी नाक खुपसलं नाही. पण इतकी वर्षं एका ओट्यावर उभ्या राहून आपण चहा केला. जाताना 'येते' एवढा शब्द तोंडातून निघेना तुझ्या? हे विचारायलाच पेन हातात घेतलं होतं. पण सांगायचं आहे ते वेगळंच.

दारामागे तुझे गमबूट राहिले होते. येता-जाता ते दिसायचे आणि माझं डोकं फिरायचं. शेवटी पिशवीत कोंबले आणि तुझ्या त्या कासवांच्या दवाखान्यात परत द्यायला गेले. दारात एक माणूस पाइपने टाक्या धूत होता. म्हटलं, "हे तुमच्या डॉक्टरीणबाईंचे बूट." त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं आलात. घाला ते आणि जरा हे टोक धरा." मला वाटलं पाइपाचं टोक. कसलं काय, कासवाचं टोक!

अगं, केवढी ती! आपलं जेवणाचं टेबल उलटं घालावं एवढी पाठ. चौघांनी उचलून गादीवर ठेवली, पाचवी मी. माझ्या हाताखाली ती जिवंत होती, गार आणि घट्ट, आणि तिने मान वर करून श्वास सोडला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी लांब फुस्स येते ना, तशी. मग इतका वेळ काहीच नाही. मला वाटलं गेली. मी टाकीवाल्याकडे पाहिलं तर तो निवांत. "तिला घाई नसते," म्हणाला. तिचा डोळा माझ्याकडे होता. काळा, ओला, आणि कुठल्या जमान्यातला कुणास ठाऊक. मी तशीच उभी राहिले, टोक धरून, तोंड बंद. माझं तोंड किती वेळा बंद होतं ते तुला माहीत आहे.

पुढचा उजवा पाय खांद्यापासून नाही. इथे पायाला वल्हं म्हणतात. टाकून दिलेल्या जाळ्यात कित्येक दिवस अडकून सडलं होतं, तू कापलंस, तू जगवलीस, असं टाकीवाला सांगत होता. नाव त्यानेच ठेवलंय, आत्याबाई. का, तर सगळ्यांकडे रागाने बघतात, पोटभर खातात आणि पाठ फिरवून बसतात. मी हसले तेव्हा तो म्हणाला, "तुमच्याकडे बघून थोडं मवाळ झाल्यासारखं वाटतंय."

बूट परत द्यायचे राहिले. उद्या देईन.

तुझी,
जी होते ती

२१ नोव्हेंबर

पोरी,

उत्तर नाही. ठीक आहे. मला सवय आहे, मी तुझ्या नवऱ्याची आई आहे. होते. तेही काय लिहायचं कळत नाही.

बूट अजून माझ्या पायात आहेत. रोज सकाळी जाते. मासे चिरते, टॉवेल पिळते, आणि आता झोळी शिवतेय. आत्याबाईंना किनाऱ्यापर्यंत न्यायला त्यांच्याकडे जी होती तिच्या शिवणी उसवल्या होत्या. जन्मभर शाळेचे गणवेश आणि पडदे शिवले, आता एवढ्या वजनाचं बाळ झोळीत घालायचं आहे. दुहेरी कापड, चारी कोपऱ्यांना पट्ट्या, शिवण तीनदा फिरवली. मशीनने हात टेकले, मी नाही टेकले.

तू संचालकसाहेबांशी काय ठरवून गेलीस ते मला आता कळलं. थोरली आणि धाकटी, टाकीतल्या दुसऱ्या दोघी कासविणी, त्यांचंही एकेक वल्हं गेलेलं. साहेबांचं म्हणणं, तीन वल्ह्यांचं कासव खोल समुद्रात टिकत नाही, मत्स्यालयात काचेमागे ठेवा, जन्मभर आयतं खातील. तू म्हणालीस, एकीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग लावून सोडू. ती नकाशावर फिरताना दिसली तर तिघींनाही समुद्र, नाही दिसली तर उरलेल्या दोघींना काच. जानेवारीअखेरपर्यंत मुदत. साहेबांवर चिडायला गेले होते, पण माणूस वाईट नाही. मागे एक असंच सोडलेलं त्यांना किनाऱ्यावर मेलेलं सापडलं होतं.

पूर्वी मला काचेचं काही वाटलं नसतं. आता थोरलीला बघते ना. ती दिवसभर टाकीच्या एकाच बाजूला नाक लावून असते. टाकीवाला म्हणाला, त्या बाजूला समुद्र आहे. मी म्हटलं, वास येत असेल. तर त्याने तिला आतल्या खोलीतल्या बंद टाकीत हलवलं, खिडकी नाही, झरोका नाही. एक फेरी मारली तिने आणि नाक लावलं, त्याच बाजूला! त्यांच्या डोक्यात होकायंत्र असतं म्हणे, जमिनीच्या पोटातली ओढ त्यांना कळते. माझ्या अंगावर काटा आला. पोरी, तू रोज हे बघून घरी यायचीस आणि मी विचारायचे, येताना कोथिंबीर आणलीस का.

काल टॅग बसवला. मी समजत होते मोठं काही यंत्र असेल, तर साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा डबा आणि त्यावर तारेची शेपटी. पाठीवर लुकण लावून घट्ट बसवायचा आणि वरून काळा रंग द्यायचा, म्हणजे त्यावर शिंपले धरत नाहीत. त्याला बटण नसतं. वर चुंबक टेपने चिकटवून ठेवलं की टॅग झोपलेला, चुंबक काढलं की जागा. आणि मग ते काढलेलं चुंबक टॉवेलच्या लोखंडी कपाटाला लावायचं. केवढी रांग आहे त्या कपाटावर! प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी, लंगोटी, म्हातारबा, ठमाकाकू. जे जे गेले त्यांची चुंबकं मागे राहिलेली. ही पद्धत तू पाडलीस म्हणे. घरी कधी बोलली नाहीस.

तुझं नकाशाचं खातं नोकरीबरोबर बंद झालं, असं नकाशेवाली म्हणाली. संगणकावर सगळे टॅग ती बघते. म्हणजे आत्याबाई कुठे पोचल्या हे तुला माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही. तेव्हा मला उत्तर देत नाहीस तर नको देऊस, पण पाकिटं फोडत जा.

तुझी,
झोळीवाली

८ डिसेंबर

पोरी,

गेल्या!

सकाळी ओहोटीला नेलं. झोळी एका टाक्यानेही हलली नाही, हे आधी सांगते. पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर ठेवल्या. बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टाकीवाला म्हणाला, रडत नाही ती, अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकते. आणि हे सांगताना स्वतः बाहीने डोळे पुसत होता. मी म्हटलं, तुमच्याही अंगात मीठ फार झालंय का.

मग निघाल्या. अगं, बघवेना. डावं वल्हं टाकलं की अंग उजवीकडे वळायचं, की पुन्हा सरळ व्हायचं, पुन्हा वळायचं. वाळूवर एका बाजूला खोल खड्डे, दुसऱ्या बाजूला नुसती फरपटल्याची रेघ. साहेब माझ्या शेजारी होते, ते खाली बघायला लागले. मी मनात म्हणाले, बाई, नको, परत चल, काच तर काच, मी रोज मासे चिरून घालीन.

तेवढ्यात पहिली लाट अंगावरून गेली. दुसरीने उचललं. आणि पोरी, पाणी लागलं मात्र, ती लंगडी राहिलीच नाही! एवढं धूड, टाकीत भिंतीला धडकणारं, ते नुसतं वळलं आणि हवं तिथे गेलं. लाटेच्या पोटात एकदा तिची सावली दिसली. उरलेल्या पुढच्या वल्ह्याने पाणी मागे सारलं, सावकाश, मी कापड सरळ करायला हात फिरवते तेवढ्याच सहजपणे. मग नाही दिसली. मला माझं वय आठवेना. आपण कुठल्याशा बारक्या कामाला जन्माला आलो आणि चुकून इथे उभे राहिलो, असं वाटलं. मी मोठ्याने रडले. लाज नाही वाटली.

सिग्नल यायला वेळ लागतो. ती श्वास घ्यायला वर येईल, त्याच वेळी वरून उपग्रह जात असेल, तेव्हा ठिपका उमटतो. तर काळजी करू नकोस. सगळं व्यवस्थित आहे.

तुझी,
रडकी

१९ डिसेंबर

पोरी,

सगळं व्यवस्थित नाही. मागचं पत्र टाकलं तोवर एकही ठिपका आला नव्हता. खोटं लिहिलं असं नाही, पण गुळमुळीत लिहिलं. तुझ्याशी गुळमुळीत बोलायची मला सवय नाही, म्हणून आता सरळ सांगते.

सोमवारी टॉवेल काढायला कपाटापाशी गेले. मनात आलं, आत्याबाईंचं चुंबक कुठे लावलंय बघावं, हात लावून नमस्कार तरी करावा. सगळी रांग पाहिली. नाही. खाली पडलं असेल म्हणून कपाटाखाली झाडू घातला. नाही. टाकीवाल्याला हाक मारली.

"आत्याबाईंचं चुंबक कुठाय हो?"

"तिथेच असेल की."

"तिथे नाही."

"मग साहेबांनी खिशात टाकलं असेल. त्यांनीच काढलं ना?"

साहेब मागेच होते. म्हणाले, "मी नाही काढलं. मला वाटलं तू काढलंस."

दोघांनी नकाशेवालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी तर किनाऱ्यावर नव्हतेच."

टाकीवाला टाकीच्या काठावर मटकन बसला. पोरी, चुंबक कुणी काढलंच नाही. टेपखाली तसंच राहिलं, वरून काळा रंग दिलेला, सगळं एकजीव काळं, कुणाच्या डोळ्याला दिसलं नाही. आणि त्यात कुणा एकाचा दोष नाही. ते काम आजवर फक्त तू करत होतीस. तू वाळूवर गुडघे टेकायचीस, चुंबक काढायचीस, हात वर करून सगळ्यांना दाखवायचीस, मगच सोडायचीस. तुझ्या हाताची इतकी सवय झाली होती सगळ्यांना, की तू नाहीस हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी ते काम झालं असंच प्रत्येकाने धरलं. घरात मीही तेच करते. दोन कप आधण ठेवते आणि मग एक ओतून देते.

तर आत्याबाई समुद्रात आहेत, आणि पाठीवरचा टॅग झोपलेला आहे. जगल्या काय, मेल्या काय, कळायला वाव नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "नुसत्या अंदाजावर मी आणखी दोन जीव पाण्यात सोडू शकत नाही." मी भांडले. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मत्स्यालयाची गाडी जानेवारीअखेर येणार.

थोरली अजून नाक लावून आहे. तिच्यासमोर मला उभं राहवत नाही.

तुला हे सांगायला नको होतं, असं टाकीवाल्याचं मत पडलं. "लांब आहेत, उगाच जीव टांगणीला लागेल." मी म्हटलं, लागू दे. आमचा लागलाय, तिचाही लागू दे. ती आमच्यातली आहे.

तुमचं लग्न मोडलं, ते तुमचं होतं. माझं तुझ्याशी काय मोडलं होतं गं? मला कुठल्या कोर्टाने विचारलं? एक सही नाही घेतली माझी. सगळा राग हाच आहे, दुसरा कुठला नाही. लिहून टाकलं, बरं वाटलं.

आई

१२ जानेवारी

पोरी, पोरी, पोरी,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आज सकाळी मी मासे चिरत होते. आतून नकाशेवालीची किंकाळी आली. मला वाटलं शॉक बसला. तशीच सुरी घेऊन धावले. टाकीवाला पाइप चालू टाकून आला, सगळीकडे पाणीच पाणी. ती खुर्चीवरून उठून उभी होती आणि पडद्याकडे बोट. "टॅग बोलतोय," म्हणाली. "कुठला?" "आत्याबाई."

आम्हाला किनाऱ्याजवळचा निळा तुकडा बघायची सवय, तिथे काहीच नव्हतं. तिने नकाशा लहान केला. आणखी लहान केला. आपला किनारा बोटभर झाला, मग नखाएवढा. आणि तिथे, नुसत्या निळ्यात, एक ठिपका. तीन वल्ह्यांवर, पोरी! बोटीला कित्येक दिवस लागतील एवढ्या लांब. कुणाची सोबत नाही, हातात कागद नाही, रस्ता नाही, पाटी नाही.

मी विचारलं, "हा ठिपका म्हणजे नक्की काय?" नकाशेवाली म्हणाली, "त्या क्षणी तिने डोकं वर काढून श्वास घेतला." ती फुस्स मी ओळखते गं. माझ्या हाताखाली ऐकलीय. ती तिथे, एवढ्या पाण्याच्या मधोमध झाली, आकाशातून कुणीतरी ऐकली, आणि मला इथे, मासे चिरताना कळली. मी देवाबिवाचं फार करत नाही, तू जाणतेस. पण मी पदराने सुरी पुसली, बाजूला ठेवली आणि हात जोडले. कुणाला ते ठरवलं नाही.

दुपारपर्यंत आणखी ठिपके आले. सगळे जण डबे उघडे टाकून पडद्यासमोर. प्रत्येक ठिपक्याला टाकीवाला मोठ्याने श्वास घ्यायचा, तिच्या बरोबरीने. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. गाडीचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, "जानेवारीअखेरपर्यंत बघू."

फक्त एक कोडं आहे. चुंबक आपोआप कसं निघालं? पाण्याने टेप सुटायला वर्ष जावं लागेल, म्हणतात. रंगाचा थर जाड. इथे कुणाला सांगता येत नाही. ठिपक्याच्या जागेचे आकडे नकाशेवालीने लिहून दिलेत, ते सोबत जोडलेत. तुला सुचत असेल तर कळव. हे मी तुला बोलतं करायला विचारत नाहीये.

विचारतेय.

आई

२९ जानेवारी

पोरी,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी. मी सगळ्यांना वाचून दाखवली.

"त्या ठिकाणी पाण्याखाली खडकांची रांग आहे. कासवं तिथे पाठ घासून शेवाळ काढतात. चुंबक तिनेच घासून काढलं असणार. आईंनी साहेबांना सांगावं, तिथे खाली उतरून, तोल सांभाळून पाठ घासायची, तर उरलेली तिन्ही वल्ही उत्तम चालावी लागतात."

बघ म्हणजे! आम्ही चार शहाणी माणसं विसरलो, आणि ती एवढ्या लांब गेली, तिला दगड सापडला, आणि आमची चूक तिने स्वतःच्या पाठीने खरवडून काढली. टाकीवाला दोन दिवस हेच सांगत फिरतोय. दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं. मला हसू येतं आणि मग एकदम येत नाही. तिला काय ठाऊक चुंबक म्हणजे काय, आणि इथे थोरली-धाकटीचं काय ठरायचं होतं. पाठ खाजली, म्हणून घासली. तेवढ्यावर दोन जीव सुटले.

हो, सुटले. ठिपके रोज येतायत, पुढे पुढे सरकतायत. साहेबांनी काल मत्स्यालयाला फोन करून गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं. फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुमच्या सुनेला कळवा, तिचं बरोबर होतं." मी म्हटलं, कळवते. मी 'माजी' वगैरे काही दुरुस्त केलं नाही.

आधी थोरली जाणार. झोळी धुऊन वाळत घातली आहे. टॅग बसवला, रंग दिला, चुंबक वर आहे. टेपवर मी लाल दोरा शिवलाय, आंधळ्यालाही दिसेल असा. पण त्याला इथे कुणी हात लावणार नाही. तसं मी सगळ्यांना बजावलंय. साहेबांना वाटलं मी थट्टा करते. मी थट्टा करत नाही. ते काम तुझं आहे. घरी येऊ नकोस हवं तर, माझ्या मुलाचं तोंड बघू नकोस. तो इथे राहतही नाही. सरळ किनाऱ्यावर ये, गुडघे टेक, काढ, हात वर करून दाखव, आणि संध्याकाळच्या गाडीने जा. जाताना 'येते' म्हण म्हणजे झालं. दिवस तू कळव. थोरली थांबेल. तिला घाई नसते.

आणि चिठ्ठीच्या तळाशी, इतक्या बारीक अक्षरात की मला चष्मा दोनदा पुसावा लागला, तू लिहिलंयस, "आई, माझे गमबूट तुम्हाला होतात का?"

होतात. अगदी मापाचे होतात. इतकी वर्षं एका घरात राहून आपला पाय एका मापाचा आहे हे दोघींना माहीत नव्हतं.

पण काल मी माझे नवे घेतले. तुझे धुऊन, उन्हात वाळवून, दवाखान्याच्या दाराशी ठेवलेत.

आई